खारवंतीत हमाल पाणी कुठं पितात

रविवार, रात्रीचे साडेबारा.

सेशन संपून सगळे कधीचेच गेले, पण नकाशा अजून जमिनीवरच पसरलाय आणि उचलावासा वाटत नाहीये. आज जे झालं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या ऑफिसच्या गडबडीत निसटेल.

दर रविवारी आमच्या नाना पेठेतल्या वरच्या खोलीत आम्ही पाच जण डी अँड डी खेळतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ. मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे जग माझं, त्यात काय करायचं ते बाकीच्यांनी ठरवायचं आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. आमचं शहर आहे खारवंती, खाडीच्या तोंडावरचं बंदर, चोर, दलाल, लाचखोर जकातदार सगळे आहेत. शहर पेठांमध्ये वाटायची कल्पना अर्थात पुण्याचीच, वारांच्या नावाच्या पेठा असलेल्या गावात लहानाची मोठी झालेली मुलगी दुसरं काय करणार. वर टेकडीवर कोरडी पेठ, तिथे पाणी कधीच चढत नाही म्हणून सावकार आणि जहाजमालक तिथे. धक्क्याला लागून जकात पेठ आणि तिथून वर, चढावर वखार आळी. मग उलटी पेठ, मोडीत निघालेली गलबतं पालथी घालून त्यांचीच छपरं केलेली, ही माझी सगळ्यात लाडकी. आणि भरती पेठ, लाकडी खांबांवर उभी, दिवसातून दोनदा घरांखाली पाणी येतं आणि जातं. नदीपलीकडे मी आधी एक चोर पेठ पण काढली होती. त्याबद्दल सांगते.

भरती पेठेवर मी खरंच खूप मेहनत घेतलीये. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि साधारण सहा तासांनी, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाचच्या आसपास. पेशवाईत पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी असायची, कोतवालाची माणसं धरून न्यायची, ती तोफ मी खारवंतीत आणली. आता बघा चोरट्या मालवाल्यांची काय पंचाईत होते ते. अमावास्येला उधाण, त्यामुळे ओहोटीला पाणी पार आत जातं, घरांखालच्या वाटा कोरड्या पडतात, पण तोवर उजाडायला लागतं. अष्टमीला ओहोटी ऐन मध्यरात्री, तोफेनंतर, सगळं सामसूम, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी मवाळ, पाणी नीट हटतच नाही, म्हणजे कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर गाठोडी घेऊन जायचं. आमच्या प्लेअर्सनी यावर दोन सेशन नुसता खल केला, कॅलेंडर उघडून तिथ्या बघत बसले होते, मला इतकं भारी वाटलं.

तर चोर पेठ. तीन आठवड्यांपूर्वी आमच्यातला सगळ्यात लहान प्लेअर म्हणाला, "ताई, इथे राहणारे सगळे चोरच ना, मग कोणालाही मारलं तरी चालेल?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मीच तर तसं नाव लिहिलं होतं. पण मला ते लागलं. कारण आमच्या पेठेचं नाव सांगितल्यावर लोकांचा चेहरा कसा बदलतो ते मी शाळेपासून बघितलंय. एका मैत्रिणीच्या आईने मला एकदा विचारलं होतं, तिकडे रात्री सेफ असतं का गं. माझे आबा चाळीस वर्षं भुसार बाजारात हमाल होते, क्विंटलची पोती पाठीवर. रात्री नऊला घरी यायचे आणि रस्त्यात त्यांना कोणी कधी त्रास दिला नाही.

त्या रात्री आबांना विचारलं, बाजारात चोरी व्हायची का हो. म्हणाले, "व्हायची की. पण पोरी, तू आधी इचार, सांडलेलं कुणाचं?" पोतं फाटतं, नमुना काढायला टोकदार नळी खुपसतात तेव्हा मूठभर धान्य खाली पडतं, संध्याकाळी बायका ते झाडून, पाखडून पदरात घेतात. मालक म्हणतो माझं. बाई म्हणते दिवसभर झाडू मारला त्याचे पैसे कुठं दिलेस, हेच माझे पैसे.

आणि मला लंडन आठवलं. खारवंतीसाठी मी तिथल्या बंदराबद्दल बरंच वाचलं होतं. थेम्सवर जहाजं माल उतरायची वाट बघत आठवडेच्या आठवडे अडकायची, आणि उतरवणाऱ्या हमालांना मजुरी इतकी कमी की सांडलेली साखर, कॉफी उचलणं हा ते आपला हक्कच समजायचे. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ती लूट. पॅट्रिक कोलकहून नावाच्या मॅजिस्ट्रेटचा अंदाज होता की नदीवरच्या 33,000 कामगारांपैकी 11,000 गुन्हेगार आहेत. म्हणजे दर तिसरा माणूस! व्यापाऱ्यांच्या पैशातून 1798 च्या जुलैमध्ये वॅपिंगला नदीवरचे पोलीस सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये कोळसा उतरवणाऱ्यांचा जमाव त्याच कचेरीवर चालून गेला. मी आधी हे सगळं "पोलीस विरुद्ध चोर" असंच वाचलं होतं. आबांच्या त्या एका प्रश्नानंतर पुन्हा वाचलं तर भांडण सांडलेल्या साखरेचं दिसलं.

समुद्रावर पण तेच ना. कान्होजी आंग्रे, 1729 ला गेले, त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून गेलं की जहाज धरायचे. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे, आपण सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख म्हणतो. आणि पोर्तुगीज त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःचा परवाना सक्तीने घ्यायला लावत होते, पण त्यांना सहसा चाचे म्हटलेलं दिसत नाही. परवाना कोणाचा चालणार एवढाच प्रश्न.

म्हणून मी चोर पेठ खोडली. रबराने नाही, त्यावर नवीन कागद चिकटवला आणि लिहिलं झाडणी आळी. तिथे हमालांच्या आणि धक्का झाडणाऱ्या बायकांच्या खोल्या. खरे चोर आता सगळ्या शहरात पसरलेत. जकात पेठेत शिक्का विकणारा कारकून आहे, कोरडी पेठेतला सावकार भरती पेठेतल्या चोरवाटांचं भाडं घेतो, आणि तो रात्रीची तोफ झाली की बिनघोर झोपतो कारण त्याला स्वतःला पाण्यात उतरायचंच नसतं.

आज त्याचा पहिला सेशन होता. धक्क्यावर शिपायाने एका म्हातारीला पदर झाडायला लावला, दोन मुठी मिरी खाली पडली. मी थांबले. सगळे गप्प. मग तोच लहाना म्हणाला, "मी मिरी उचलून तिला परत देतो." शिपाई समोर असताना! मग फासा, वीसपैकी आला चार, त्यामुळे आता तो आणि म्हातारी दोघंही जकात पेठेच्या कोठडीत आहेत आणि पुढच्या रविवारी त्यांना सोडवायचंय. जाताना जिन्यात मला म्हणाला, ताई तिचं नाव काय? नाव मी ठरवून ठेवलं होतं, गोदामावशी.

1974 साली अमेरिकेत डी अँड डी पहिल्यांदा छापून आलं आणि त्याच 1974 साली इथे बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने कष्टाची भाकर सुरू केली, हमालांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून. काही संबंध नाही दोन्हींचा, पण आमच्या घरात दोन्ही आहेत. आबांनी वर्षानुवर्षं दुपारी तिथेच झुणका-भाकरी खाल्लीये.

मगाशी ते पाणी प्यायला उठले, खोलीत आले आणि काठी टेकून बराच वेळ नकाशा बघत उभे राहिले. धक्का कुठला, वखारी कुठल्या, सगळं विचारलं. धक्क्यापासून वखार आळीपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "लांब हाय गं. एवढं वझं घिऊन चढ चढायचा. मधी पाणी कुठं पितात?"

काढलंच नव्हतं मी. दीपस्तंभ काढला, कोठडी काढली, चार गुत्ते काढले. समुद्राकाठचं शहर आणि प्यायला पाणी नाही.

आता पेन्सिल घेऊन बसलीये. चढाच्या निम्म्यावर, डावीकडे, पाठीवरचं पोतं न उतरवता टेकवता येईल एवढा उंच कट्टा आणि त्याच्या शेजारी हौद.