जांभ्यातील स्फुरद: ब्रे अहवाल, पाचोळा आणि नाचणीच्या कुंड्या

दोडामार्गच्या माझ्या वाडीतील रानजायफळाच्या रोपांची वाढ का खुंटली, हे कोडे अखेर सुटू लागले आहे, आणि त्याचे श्रेय मातीच्या दुसऱ्या अहवालाला द्यावे लागेल. मातीतला स्फुरद (फॉस्फरस) पिकांना किती मिळू शकतो, याची पहिली तपासणी प्रयोगशाळेने न विचारता ऑल्सेन पद्धतीने केली होती. १९५४ची ही पद्धत ८.५ सामूचे (pH) सोडियम बायकार्बोनेट वापरते आणि ती देशावरच्या चुनखडीयुक्त जमिनींना शोभते. दोडामार्गच्या आम्ल जांभ्या मातीसाठी १९४५ची ब्रे पद्धतच मागून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. ब्रेचा आकडा अगदी तळाचा आला, म्हणजे मुळांना मिळण्याजोगा स्फुरद फारच कमी.

गेल्या पावसाळ्यात खड्ड्यांत दिलेले सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत मग गेले कुठे? ते वाहून गेलेले नाही. पाण्यात सुटलेला स्फुरद जांभ्यातील लोह व अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना इतका घट्ट चिकटतो, की तो मातीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही. पाने गर्द, निळसर हिरवी आणि वाढ थांबलेली, हे लक्षण त्याच्याशी जुळते. हाच जांभा सह्याद्रीच्या सदाहरित रानांनाही पोसतो, कारण तिथे झाडे खनिज मातीपेक्षा कुजणाऱ्या पाचोळ्यातून स्फुरद परत मिळवतात. व्हेनेझुएलातील सान कार्लोस दे रिओ नेग्रो येथे स्टार्क आणि जॉर्डन या संशोधकांनी जमिनीच्या पृष्ठभागावरील मुळांच्या जाळीवर किरणोत्सारी कॅल्शियम आणि स्फुरद शिंपडले, तेव्हा त्यातील ०.१ टक्क्याहून अधिक अंश खाली झिरपला नाही, असे त्यांच्या १९७८च्या निबंधात आहे.

वाडीतही याचा पडताळा मिळाला. जुन्या रायवळ आंब्याखालच्या रोपांभोवतीचा पाचोळा अलगद उचलला, तर बारीक पांढरी मुळे वर चढून अर्धवट कुजलेल्या पानांत शिरलेली दिसली. त्याच रोपांना तांबूस कोवळी पालवी फुटली आहे. ती पाहून झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही.

पुढचा बेत राजस्थानातील झामरकोटड्याचे रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची भुकटी) देण्याचा होता. आम्ल मातीत ते सावकाश विरघळते, म्हणून सुपरपेक्षा मला ते अधिक पटते. मात्र स्फुरद सढळ झाला की मुळे त्यांना स्फुरद मिळवून देणाऱ्या मातीतल्या बुरशीशी सोबत कमी करतात, आणि रानजायफळ, सुरंगी, कोकम यांना ती सोबत हवीच. बाजारातील पाकीटबंद व्हॅमवर (याच बुरशीच्या खतावर) माझा भरवसा नाही; जिवंत बीजाणू किती, हे पाकिटावर क्वचितच कळते. हे लिहिता लिहिताच सुचते आहे, की आंब्याखालची ओंजळभर माती घेऊन कुंड्यांत नाचणी पेरावी, तिच्या मुळांवर स्थानिक बुरशी वाढू द्यावी आणि ती मुळे मातीसकट रोपांच्या पिशव्यांत मिसळावीत. त्यामुळे देवराईची माती उकरण्याची वेळ कोणावरच येणार नाही.

म्हणून रॉक फॉस्फेट तूर्त निम्म्याच रोपांना, तेही पाचोळ्याच्या थरात मिसळून देतो. उरलेल्या रोपांना नुसता पाचोळा आणि नाचणीची माती मिळेल. ज्यांच्याकडे जांभ्या मातीचे ब्रे अहवाल आहेत, त्यांनी सामूसह आकडे कळवावेत.