अठराव्या वाढदिवसाआधी

थोरल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली ती जुलैमध्ये, नेमक्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या धामधुमीत. त्याच्या लहानपणापासून आम्ही साठवलेले पैसे एका बँकेत त्याच्या नावावर होते आणि पालक म्हणून त्या खात्यावर माझी सही चालत असे. शुल्कासाठी पैसे काढायला गेले, तेव्हा मुलगा सज्ञान झाल्यामुळे माझी सही आता चालणार नाही आणि त्याच्या सहीचा नमुना तर बँकेकडे नाही, असे सांगण्यात आले. नवी केवायसी, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी, होईपर्यंत आठ दिवस गेले. शुल्क भावाकडून उसने घेऊन भरले. त्या वेळची घालमेल मी विसरलेले नाही.

म्हणून धाकटीच्या सतराव्या वर्षीच मी सगळे कागद बाहेर काढले आहेत. तिच्या नावाने म्युच्युअल फंडात सुरू असलेली एसआयपी (ठरावीक काळाने ठरावीक रक्कम गुंतवणे) ती अठरा वर्षांची झाली की थांबेल आणि खाते सज्ञान व्यक्तीचे म्हणून बदलून घेईपर्यंत त्यातून पैसे काढता येणार नाहीत. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांच्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, त्यामुळे तेही नव्याने करून घ्यावे लागेल. टपाल कार्यालयातले सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचे, खाते २०१५ मध्ये, ती दहा वर्षांच्या आतली असताना उघडले होते. अठराव्या वर्षानंतर ते तिचे तिने चालवायचे आहे. ते उघडल्यापासून २१ वर्षांनी, म्हणजे २०३६ मध्ये परिपक्व होईल. मात्र उच्च शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम आधी काढता येते. तिच्या ठेवींवरचे व्याज आजवर आमच्या उत्पन्नात धरले जात होते, ते पुढे तिच्याच नावावर मोजले जाईल, हेही तिला समजावून सांगितले.

कागदांपेक्षा मला जास्त मोलाचे वाटते ते तिला आधीपासून व्यवहारात घेणे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. तिचे असे खाते आहे. भाऊबीजेची ओवाळणी आणि बक्षिसाचे पैसे ती स्वतः भरते, खर्चही स्वतः लिहून ठेवते.

परवा पासबुके चाळताना तिने विचारले, "आई, माझ्या पैशांना तू कधी हात लावलास का?" लावला होता. टाळेबंदीत ह्यांचा पगार निम्म्यावर आला, तेव्हा तिच्या नावाची चाळीस हजारांची मुदत ठेव मी मोडली होती आणि पुढच्या दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने, व्याजासकट परत भरली होती. मी तिला त्या साऱ्या नोंदी दाखवल्या. तिने प्रत्येक हप्त्यावर बोट ठेवत बेरीज केली, मग जुन्या कॅलेंडरच्या मागे आपल्या सहीचा सराव करू लागली.