वढवाण्याचे वारकरी

वढवाणा तलाव बडोद्याहून साधारण 45 किलोमीटर, डभोईमार्गे. पहाटे पाचला निघालात तरच अर्थ आहे. गेल्या वर्षी मी आरामात साडेनऊला पोचलो, तेव्हा पक्षी तलावाच्या मध्यावर झोपलेले, पाण्यावर ऊन थरथरतंय. ठिपके बघून परत आलो. यंदा डिसेंबरात आईला घेऊन गेलो. नेमकी एकादशी, त्यामुळे डभोईत मी गाठिये खाल्ले आणि ती गाडीत बसून राहिली.

हा तलाव देवाने नाही, सरकारने केलेला. सयाजीरावांच्या काळात, 1910 च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधला. बदकांनी तो केव्हाच आपला मानला. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत त्याचं नाव यायला मात्र 2021 उजाडलं.

बांधावर चढलो तेव्हा धुकं होतं. काठाजवळ काळे, गोल पक्षी पोहत होते, कपाळावर पांढरा ठिपका. मी म्हटलं, "आई, याला मराठीत वारकरी म्हणतात."

तिने दुर्बीण घेतली, बराच वेळ पाहिलं. "गंध बरोबर आहे रे. बुक्का जरा जास्तच झालाय."

मग आवाज आला. आधी आवाजच, दिसलं काही नाही. रात्रभर शेतात चरून पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, पाण्यावर परतत होते. धुक्यातून एक माळ आली, तिच्यामागे दुसरी, मग मोजणं सुटलं. डोक्यावरून जाताना पंखांची सळसळ ऐकू येते, हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. मी देवळात जातो तो आईसाठी, तिथे माझं लक्ष चपलांकडे असतं. इथे पाच-दहा मिनिटं कशाकडेच नव्हतं. वळून पाहिलं तर आई त्या गार मातीत अनवाणी उभी. चपला कधी काढल्या, तिलाही आठवेना. नंतर शोधायला बराच वेळ गेला.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जमल्यास रविवार टाळून. 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दुर्बीण पुरते. मोबाइलवर फोटो येत नाहीत, नाद सोडा. स्वेटर हवाच, पाणी आणि खाणं घरून. भडक कपडे नकोत. बांधावर मोठ्याने बोलणारी मंडळी भेटतील. त्यांच्यापासून दूर, सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि एका जागी बसा. चालत राहिलात तर पक्षी आत आत सरकतात. चक्रवाक जोडीने दिसतील, अंग नारिंगी, ओळखायला सोपे.

परतताना आईने विचारलं, हे पट्टकदंब येतात कुठून? तिबेट, मंगोलिया, हिमालय ओलांडून, मी म्हटलं. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू पकडतं, आणि 7,000 मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झाली आहे.

"म्हणजे पावागड किती?"

देवीचा पावागड डोंगर आठशे मीटर धरून हिशेब केला. "नऊएक."

डभोईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "नऊ पावागड. आणि आपण रोपवेने जातो."