बाहेर पडणारी गाडी

जर्मनीतल्या टिटिझे स्टेशनच्या बोर्डावरची अक्षरं बदलली आणि ह्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"फेल्ट म्हणजे पडते. आउस म्हणजे बाहेर. गाडी बाहेर पडतीय. ऊठ, चल."

सांगलीत विश्रामबागच्या जर्मन क्लासला हे एकूण चार दिवस आले होते. लेक फ्रायबुर्गला शिकायला गेली म्हणून आम्ही दोघांनी नाव घातलं. पाचव्या दिवशी ह्यांची पाठ दुखायला लागली, मी दीड वर्ष चिकटून राहिले. पण आत्मविश्वास म्हणाल तर तो अजूनही त्यांचाच जास्त.

"अहो बसा. 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द झालीय."

"शब्द तर मी बरोबर सांगितले की!"

शब्द बरोबरच होते. 'आउसफालेन' हे एकच क्रियापद, पण वाक्यात त्याची दोन शकलं होतात. एक मध्ये बसतं आणि दुसरं पार शेवटाला जातं. त्यामुळे लाऊडस्पीकरवरची बाई फ्रायबुर्गला जाणारी गाडी, तिची वेळ, आज, असं सगळं सावकाश सांगत जाते आणि शेवटी 'आउस' म्हणून हातात नारळ देते. आम्हाला ह्याची सवय हवीच की! मिरज जंक्शनला निम्मं आयुष्य गेलं आमचं. आपल्याकडेही गाडी अमुक फलाटावर 'येणार' इथपर्यंत माणूस खूश असतो, 'नाही' शेवटी येतं. वाईट बातमी क्रियापदाच्या शेपटीला बांधायची ही रीत दोन्हीकडची. वाक्य संपेपर्यंत दम धरायचा, एवढं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

क्लासच्या पुस्तकात मात्र एकही गाडी कधी रद्द होत नाही. तिथली माणसं वेळेवर स्टेशनात येतात, फलाट कुठला ते विचारतात, सफरचंदाचा रस मागवतात, आईला पत्र लिहितात. दीड वर्षात त्यांच्यातलं कुणी अडकून पडलेलं मी पाहिलं नाही. संग्रहालय कुठे आहे, हे मी झोपेतही विचारलं असतं. त्या संध्याकाळी ते कुणाला हवं होतं?

फलाटावरची माणसं मुकाट्यानं बाहेर निघाली होती. त्यांच्यात कुत्रं घेतलेली एक आजी होती, तिला गाठलं. शुद्ध वाक्य जुळवत बसायला वेळ नव्हता, तोंडातून आलं ते एवढंच, "उंड येत्स्ट?" म्हणजे, आणि आता? माझ्या दीड वर्षाच्या फीचं चीज ह्या दोन शब्दांत झालं. आजी थांबली, कुत्रं थांबलं, आणि ती भराभर सांगत सुटली. त्यातलं मला निम्मं कळलं: शीनेनएर्झात्सफेरकेअर. फोड करून पाहिली तर रूळ, बदली, वाहतूक. गाडीच्या बदल्यात बस. स्टेशनच्या बाहेरून. हाल्ब आख्ट.

"आख्ट म्हणजे आठ," हे म्हणाले, कारण आकडे पहिल्या चार दिवसांतच झाले होते. "हाल्ब म्हणजे अर्धा. साडेआठ. चल, तेवढ्यात तो ब्लॅक फॉरेस्ट केक खाऊन येऊ. मुळातला इथलाच ना तो?"

केकसाठी मीही गेले असते. पण हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात! आठव्या तासातला अर्धा. क्लासात हे कुणाच्याच डोक्यात शिरेना, तेव्हा सरांनी फळ्यावर 'अडीच' लिहिलं होतं. अडीच कुठून आला? अर्धतृतीय. तिसरा अर्धा. जर्मन माणूस अडीच वाजले म्हणायला 'हाल्ब द्राय' म्हणतो, अर्धा तीन. जी युक्ती आपण अडीचपर्यंत ठेवली आणि पुढे साडेतीन, साडेचार करत सोडून दिली, ती त्यांनी घड्याळभर चालवली. आकड्यांचंही तसंच. ते चोवीसला चार-आणि-वीस म्हणतात, आधी चार, मग वीस. इंग्रजीतून जाणारा इथे अडखळतो. आपल्या चोवीसमध्येही चार आधीच येतो.

साडेसातला बस आली. केक राहिला, तो अजून मला ऐकवला जातो.

१८८७ साली झालेला हा रेल्वेमार्ग ज्या दरीतून उतरतो, तिचं नाव ह्योलेनटाल, म्हणजे नरकाची दरी. बसही तिथूनच उतरते. दोन्ही बाजूंना काळेभोर कडे, मध्ये रस्ता. आणि दरी संपते तिथल्या स्टेशनचं नाव हिमेलराइख, स्वर्गाचं राज्य. पाटी मी मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला, तर हे म्हणाले, "बदली बसनं का होईना, पोचलो."

घरी आल्यावर हा किस्सा शेजारच्या मामांना सांगितला. मामा खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. आमच्याकडचे कितीतरी लोक सोनं-चांदी गाळायच्या ह्या धंद्यात देशभर पांगलेत. मामांची चाळीस वर्षं मदुरैत गेली. क्लास नाही, पुस्तक नाही. ते म्हणाले, "मी पहिल्यांदा दोनच शब्द धरले बघ. वरुम आणि वरादु. वरुम म्हणजे येईल, वरादु म्हणजे येणार नाही. स्टँडवर वरुम ऐकलं की बसून राहायचं, वरादु ऐकलं की पिशवी उचलायची. बाकीची तमिळ मागनं आली."

तिथेही नकार शेपटीलाच.

मग २०१९ चा पूर निघाला. आमच्याकडे निघतोच. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. 'कुठं निघालास?' ऐवजी लोक एकमेकांना 'किती फूट?' विचारत होते. पुढे कोल्हापूरजवळ हायवे बंद झाला, आणि मामा तेव्हा बहिणीकडे पेठ नाक्याच्या बाजूला अडकलेले. ट्रकांची रांग लागलेली. गावातली पोरं पिठलं-भाकरी वाटत होती, मामा त्यांच्यासोबत गेले. एका ट्रकचा ड्रायव्हर तमिळ. दोन दिवस पोलीस, पोरं, हॉटेलवाला, सगळ्यांना हातवारे करून विचारून दमलेला. प्रत्येकानं त्याला हसून मान हलवलेली. त्या मान हलवण्याचा त्यानं काय अर्थ लावला असेल कोण जाणे, पण इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर बसून होता.

मामा खिडकीशी गेले आणि म्हणाले, "वंडी पोगादु." गाडी जाणार नाही.

त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरला, हात धुतले, भाकरी घेतली. दोन घास खाल्ल्यावर त्यानं विचारलं, "एन्द ऊरु?" गाव कोणतं तुमचं?

"आणि काय सांगू तुला," मामा म्हणाले, "स्वतःच्या गावापासून दोन तासांवर उभा होतो मी. तोंडातून आलं, मदुरै."