वेदीवर फुलं का नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

"नाताळ तोंडावर आलाय, बाहेर सगळीकडे रोषणाई, आणि आपलंच चर्च असं ओकंबोकं का?" आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी मला हे कोणी ना कोणी विचारतंच. गेल्या वर्षी एकजण म्हणाले, "माणसं कमी पडत असतील तर सांगा, आम्ही येऊ."

माणसं कमी पडत नाहीत हो. तुम्हाला ओकंबोकं दिसतं ना, तीच सजावट आहे, आणि तिच्यात शनिवारची अख्खी संध्याकाळ जाते. या काळाचं जांभळं वस्त्र बाहेर काढायचं, फुलदाण्या कपाटात टाकायच्या, हिरव्या फांद्यांचं वर्तुळ बांधून त्यात चार मेणबत्त्या बसवायच्या. गव्हाणी मांडली तरी ती रिकामी. जो अजून यायचाय त्याला आधीच आणून निजवलं, तर चार आठवडे वाट कोणाची बघायची?

ते वर्तुळही फार जुनं नाही. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखेर्न या पाळकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या 4 मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या 20 लहान लाल. मुलं नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून भंडावून सोडायची, असं सांगतात. त्यांना दिवस मोजता यावेत म्हणून हे चाक. आमच्या चार मेणबत्त्या चौथ्या रविवारी जवळून बघा. पहिली निम्म्यावर आलेली असते, चौथीची वात अजून पांढरी. वाट बघणं कसं दिसतं म्हणाल तर मला तेच दिसतं.

हे सगळं मी पूर्वी फार ठासून सांगायचे. रोमन मिस्सल या कॅथलिक उपासनेच्या ग्रंथातल्या सूचनांमधला 305वा परिच्छेद मला तोंडपाठ होता: आगमनकाळात वेदीची फुलांची सजावट संयत असावी, नाताळचा पूर्ण आनंद आधीच प्रकट होऊ नये. कोणी झेंडूचं एक फूल आणलं तरी मी परिच्छेद ऐकवायचे.

मग एकदा आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, आधी वेदीपाशी पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ दिसला. देठ शिवणाच्या दोऱ्याने बांधलेले, दोऱ्याची गाठ मोठी, घाईत मारलेली. कोणी ठेवला हे न विचारता मी तो उचलला आणि सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या तयारीच्या खोलीत, फरशी पुसायच्या बादलीत उभा केला. बादलीत पाणी होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. कालचं, गढूळ पाणी.

मिस्सा संपल्यावर एक बाई आत आल्या. महिन्यापूर्वी त्यांचा मुलगा गेला होता, हे मला ठाऊक होतं. दफनाला मी गेले होते. त्यांनी बादलीकडे पाहिलं. मी म्हणाले, "आगमनकाळात चालत नाही." त्या म्हणाल्या, "हो का? मला माहीत नव्हतं." गुच्छ काढला, देठ पदराला पुसले आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी परिच्छेद तरी ऐकवला असता.

त्या रात्री तो परिच्छेद पुन्हा काढून वाचला. त्यात 'संयत' आहे, 'बंद' नाही. बंदी माझी होती.

तरीही माझी बाजू आहेच. एकाला हो म्हटलं की पुढच्या रविवारी दहा गुच्छ येतात, आणि तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी येणारा तो एकच गुलाबी रंग, गांजलेल्या माणसाला 'आनंद कर' म्हणणारा, कोणाच्या नजरेतही भरत नाही. हे मला आजही पटतं. पण वाट बघण्याचा अर्थ त्या चर्चमध्ये त्या दिवशी माझ्यापेक्षा त्या बाईंना जास्त कळत होता, हेही पटतं. दोन्ही एकदम पटतात आणि माझी पंचाईत होते. आगमनकाळाचे पहिले दिवस ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याबद्दल, मृतांच्या उठण्याबद्दल आहेत, हे मी शिकवत होते. त्या तेच घेऊन आल्या होत्या, दोऱ्याने बांधून.

त्या अजून येतात, मागच्या बाकावर बसतात. मी माफी मागितलेली नाही. दोनदा मागायला गेले आणि दोन्ही वेळा मिस्साची वेळ विचारून परत आले.

तेव्हा, वेदीवर फुलं का नाहीत? अजूनही मी ठेवत नाही म्हणून. पण कोणी ठेवलीच, तर आता आधी विचारते, कोणासाठी?