सफरचंद आहे, बीटही आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फ्रेंचच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच: "मॅडम, 'ले तोंतों फ्लँगर' पाहिला. फ्रान्समधे लोकांना त्यातली वाक्यं तोंडपाठ आहेत म्हणता, मग सबटायटल वाचून आम्हाला हसू का आलं नाही?"

आधी नावच बघा. 'तोंतों' हा लहान मुलांच्या तोंडचा शब्द, काका. 'फ्लँगर' म्हणजे गोळ्या घालणारा. जॉर्ज लोत्नरच्या 1963 सालच्या या कृष्णधवल सिनेमाचा नायक फेर्नां गुन्हेगारी सोडून मोंतोबांमधे शेतीची यंत्रं विकत असतो. जुना दोस्त मरताना त्याच्या गळ्यात दोन गोष्टी घालतो: पॅरिसमधले बेकायदा धंदे आणि वयात आलेली मुलगी. त्या मुलीचा हा काका.

मूळ कादंबरी आल्बेर सिमोनँची, 1955 सालची, तीन कादंबऱ्यांमधली शेवटची. पॅरिसच्या गुंडांची बोली सिमोनँला इतकी अवगत होती की 1957 मधे त्याने तिचा कोशच काढला. पहिल्या कादंबरीवर 1954 मधे आलेला सिनेमा अगदी गंभीर होता, आणि त्यातूनच लिनो व्हेंतुरा हा कुस्तीगीर पहिल्यांदा पडद्यावर आला. इथे फेर्नांच्या भूमिकेत तोच आहे. चेहरा तोच, दरारा तोच. तो एकदाही प्रेक्षकाकडे बघून 'गंमत करतोय हं' असं सुचवत नाही, आणि मला वाटतं सगळी मेख इथेच आहे.

संवाद मिशेल ओदियारचे. त्याची माणसं खुनाबद्दल बोलतात ती घरातल्या शिस्तीबद्दल बोलावं तशी. नाक्यावरची शिवी आणि बैठकीतली अदब एकाच वाक्यात नांदतात. सबटायटलला जागा दोन ओळींची. त्यात अर्थ मावतो, अदब गळून पडते. तुमचं हसू तिथे हरवलं.

स्वयंपाकघराचा प्रसंग घ्या. बाहेर पोरांची पार्टी चाललीय आणि आत हे खुनशी लोक पावाच्या तुकड्यांना लोणी लावत बसलेत. कपाटातून एक जुनी, जहाल दारू निघते. ती बनवणं बंद का केलं? गिऱ्हाईकं आंधळी व्हायला लागली होती, त्यावरून "इस्तुआर" व्हायच्या. या शब्दाचा एक अर्थ 'गोष्टी', पण इथे तो 'कटकटी'. माणसं आंधळी झाली, आणि सांगणाऱ्याला आठवतात त्या दुकानातल्या कटकटी! हा एक शब्द मी वर्गात पाऊण तास शिकवते आणि तो वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलेलं नाही.

ती दारू पिताना डोळ्यांत पाणी येतं, आवाज बसतो, पण पाहुण्याने यजमानाच्या वाढण्याला नावं ठेवायची नसतात. भाजी खारट झाली तरी आपण 'छान झालीय' म्हणतोच ना? तसंच.

म्हणून एवढंच करा. हा प्रसंग पुन्हा लावा, सबटायटल बंद ठेवा आणि त्यातला नट बेर्नार ब्लिए, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. एकजण म्हणतो, सफरचंदाची चव लागतेय. उत्तर येतं, "आहे." थोड्या वेळाने ब्लिए विचार करकरून विचारतो, नुसतं सफरचंद नाही, बीट तर नसेल?

"हो, तेही आहे."