पुणे नावाचा जिल्हाच नाही म्हणे

"दादा, ही टेस्ट एकटी चालवली की पास होते, सगळ्यांबरोबर चालवली की फेल." टीममधली नवीन मुलगी आज लॅपटॉप घेऊनच आली, स्क्रीनवर कोड तपासणाऱ्या त्या टेस्टची लाल एरर, जिल्हा सापडला नाही: पुणे.

टेस्ट डेटाबेस उघडून बघितला तर टेबल पूर्ण रिकामं. महाराष्ट्राचे 36 च्या 36 जिल्हे गायब, 2014 ला झालेल्या पालघरसकट!

कारण तसं जुनंच. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कची साधी टेस्टकेस ट्रान्झॅक्शनमध्ये चालते, शेवटी रोलबॅक, म्हणजे टेस्टने केलेले बदल मागे घेतले जातात, त्यामुळे मायग्रेशनने (डेटाबेस तयार करणाऱ्या स्क्रिप्टने) भरलेला मास्टर डेटा, म्हणजे जिल्ह्यांसारख्या कायम लागणाऱ्या याद्या, जागच्या जागी राहतो. ट्रान्झॅक्शनटेस्टकेस ही दुसऱ्या प्रकारची टेस्ट मात्र काम झालं की सगळीच टेबलं धुऊन काढते, टेस्टमधल्या ऑर्डर पण आणि जिल्हे पण, म्हणजे भांडी घासायला दिली आणि बाईंनी ओटाच उचलून नेला. मग पुढच्या टेस्टला पुणे सापडणार कुठून? सीरियलाइज्ड रोलबॅक ही सेटिंग चालू केली की डेटा परत येतो, पण त्या टेस्ट साधारण 3 पट स्लो होतात, हे जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय.

मग एकजण म्हणाला, सोड ना, प्रत्येक टेस्टमध्ये एक खोटा 'पुणे' बनवून टाकू. मला काय ते पटेना. टेस्ट हिरवी होईल हो, पण 2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तसं उद्या अजून काही बदललं तर त्या खोट्या पुण्याला कळणार कसं?

तुमच्याकडे काय करता, मास्टर टेबलं वगळून साफ करता की दरवेळी परत भरता?